न पुसला जाणारा मंत्र

पाशाला वीस बाजू होत्या, आणि कसाही ठेवला तरी वरचा आकडा आपल्याकडेच रोखून बघतोय असं शांभवीला वाटत होतं... समोर तिच्या शिकवणीच्या क्लासची पोरं चाचणी सोडवत होती, आणि ती टेबलाखाली मुठीत तो निळा पासा फिरवत होती. संध्याकाळी तो मल्लेशला द्यायचा होता. आणला त्यानंच, तिच्या चुलतभावानं, अमेरिकेहून, नियमांच्या पुस्तकाच्या झेरॉक्ससकट. पण दोन वर्षं दर रविवारी राजारामपुरीतल्या त्याच्या गच्चीवर गोष्ट रचली ती हिनं. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातले योद्धे, चोर, जादूगार व्हायचं, अडलं की पासा टाकायचा – खेळ एवढाच. ते सांगणंच आता तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि तेही एका मंत्रापायी.

नियम असा, की जादूगारानं सकाळी मंत्र पाठ करायचा आणि एकदा उच्चारला की तो डोक्यातून साफ पुसला जायचा. हे तिला कधी पटलंच नाही. आव्वा, तिची आजी, रोज पहाटे शिवशरणांची कानडी वचनं म्हणायची, तीच ती, आणि म्हणून म्हणून ती तिच्या आवाजात मुरली होती... तेव्हा शांभवीच्या जगात मंत्र म्हणावा तितका पिकत जायचा. मागच्या रविवारी मल्लेशनं सगळ्यांदेखत पुस्तक मिटलं.

"पुस्तकात न्हाय हे. हितनं म्होरं गोष्ट मी सांगतो. तू नुसती खेळ की."

पुस्तकात नाही! अरे, पुस्तकात तरी ते आलं कुठून? हाच तर कौतुकानं सांगायचा – मंत्र विसरणं एका परदेशी लेखकाचं, बुटके खाणकरी दुसऱ्याचे, चोर तिसऱ्याचा; खेळ रचणाऱ्यांनी तसं मोकळेपणानं छापलंच आहे. पोरवयात अधाशासारखी वाचलेली स्वस्त पुस्तकं! त्यांनी घेतलं तर ती प्रेरणा, आणि मी भाड्याच्या वाचनालयातल्या पुस्तकांतली भुयारं घेतली, आव्वाचा आवाज घेतला, तर तो पोरकटपणा? दुसऱ्याच्या वाचनाला हात जोडायचे आणि आपल्याला दारात उभं करायचं, ही कुठली रीत?

पण गच्चीवर खेळायला येणारा पृथ्वीराज... त्याचा योद्धा गेले कित्येक रविवार नुसता बसून होता. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "तुझ्या गोष्टीतला जादूगारच समदं करतोय. मी काय तलवार पुसत बसू व्हय?"

ते तिला लागलं होतं, कारण ते खरं होतं. तिचा मंत्र फुकट पिकत होता. आव्वाचा कुठं फुकट पिकला? आधी आव्वा खळखळून हसायची, शेजारणीशी कानडीत तासन्‌तास भांडायची – वचनांचा आवाज जसा मुरत गेला तसा तो दुसरा आवाज घरातून गेला, आणि कुणी विचारलंही नाही. मीही नाही. मंत्र राहतो, म्हणणाऱ्याचं दुसरं काहीतरी जातं... हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता.

पोरं पेपर ठेवून गेली. राग अजून होताच, पण मल्लेशचा चेहरा त्यातून कधी निघून गेला ते तिला कळलं नाही. हा नियम मांडायचा तर गच्चीवर, सगळ्यांदेखत, आव्वाबद्दल बोलावं लागणार – पासा द्यायचा की नाही हे राहिलं बाजूला; ते आपल्या तोंडून निघेल का, या विचारात ती मुठीतला पासा फिरवायची थांबली होती.