शंकेचे दहा हजार

त्या सौद्यात पारख्याला वरचे दहा हजार सुटणार होते. मोटारीवरचा नेहमीचा नफा वेगळा. हे दहा हजार फक्त एका वाक्याचे. एका वाक्याला एवढा भाव वकिलालाही मिळत नाही!

पारखी म्हणजे धक्क्यावरचा जुन्या मोटारींचा दुकानदार. होडीच्या पाठीमागे आवळून बसवायच्या आणि दोरी ओढून चालू करायच्या, त्या मोटारी. कुणाला विकायची असो की घ्यायची, आधी त्याची पायरी चढावी लागे. दोरी एकदा हळू ओढली की मोटारीत दम किती उरलाय, ते त्याच्या मनगटाला कळे. तळाचा स्क्रू सैल करून तो गिअरच्या तेलाचा थेंब बोटावर घेई. तेल दुधाळ दिसलं की आत पाणी शिरलंय, आणि मालक कितीही शपथा घेवो, मोटार निम्म्या भावाची. एवढं ज्ञान पोट भरायला पुरेसं होतं. पण पोट आणि हाव यांची तोंडं शेजारी शेजारी असतात.

म्हणून मोटार चांगली असली तरी पारखी नाक मुरडायचा. आधी रंगाला नावं ठेवायची, मग पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला. एवढ्याने विकणारा खचला नाही तर शेवटची पुडी सोडायची: "नंबराची काहीतरी भानगड दिसते." शंकेला भांडवल लागत नाही. आणि गंमत पाहा, चोर या वाक्याला घाबरत नाही. घाबरतो तो प्रामाणिक माणूस! नसती बला नको म्हणून तोच मिळेल त्या भावात विकून मोकळा होतो. मंडळी, पारख्याला हसू नका. भाजीवालीच्या तराजूवर आणि कामवालीच्या पिशवीवर आपण हेच वाक्य किती वेळा टाकलं, ते आपलं आपण आठवावं.

त्या दिवसांत धक्क्यावर मोटारी चोरीला जात होत्या. होडीवाले चिडलेले होते. सगळ्यांत जास्त चिडला होता भोंगा. हे नाव त्याला आवाजावरून पडलं होतं. तो कानात बोलला तरी पलीकडच्या काठाला ऐकू जाई. कर्ज काढून घेतलेली त्याची मोटार गेली होती. हप्ते मात्र गेले नव्हते, ते चालूच होते.

अशा दिवसांत नदीच्या वरच्या अंगाचा एक नावाडी हातगाडीवर मोटार घालून पारख्याच्या दुकानात आला. उतारू या काठावरून त्या काठावर सोडायचे, हा त्याचा धंदा. पाठीचा मणका दुखावला होता, रोज एवढी मोठी मोटार उचलणं जमेना. ही विकायची आणि हलकी, लहान घ्यायची. मोटार नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर चूल नाही, असा सरळ मामला.

पारख्याने दोरी ओढली. दम भरपूर. तेल मधासारखं स्वच्छ. मग त्याने टोपण उघडून आतला नंबर पाहिला. लोखंडात ठोकलेला, ठसठशीत. नावाड्याने बिल पुढे केलं. अंकाला अंक जुळला. पारख्याने टोपण पुन्हा बसवलं.

"पस्तीस हजार."

"शेठ, चेष्टा करता का? पंचेचाळीसची वस्तू आहे. लेकरासारखी जपलीये."

"मग लेकरू विकायला कशाला आणलंस?"

नावाडी हसला. गरजू माणूस अशा विनोदाला हसतो, त्याला इलाज नसतो. पण भाव सोडेना. "चव्वेचाळीस द्या. त्याखाली नाही जमायचं."

तेव्हा पारख्याने पुडी सोडली. होडीला आवळायच्या शिकंज्यावर बोट ठेवून तो दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "इथली नंबराची पट्टी कुठे गेली? आं? धक्क्यावर सध्या काय चाललंय ते ठाऊक नाही वाटतं! असली मशीन घेऊन मी काय तुरुंगात बसू?"

"शेठ, शिकंजा खडकावर आपटून मोडला होता, नवा टाकलाय. नंबर आत आहे की, आत्ताच पाहिलात…"

"पट्टी गायब?" दुकानाच्या पायरीवरून आवाज आला. भोंगा स्पार्क प्लग न्यायला येऊन बसला होता. "कुणाची मशीन आहे रे ही?"

"माझी आहे, दादा."

"तुझी? मग माझी कुठंय?"

पहिली थोबाडीत एवढी जोरात बसली की नावाडी फिरून तेलाच्या डब्यांवर कोसळला. डबे गडगडले. त्या आवाजाने बाहेरचे दोघे आत आले, त्यांच्या मागे चौघे. "चोर सापडला!" एवढं त्यांना पुरलं. काय चोरलं, कुणाचं चोरलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. जो तो आपल्या वाटणीची लाथ घालायला पुढे घुसत होता. एकाने केस धरून त्याचं डोकं भिंतीवर आदळलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. नावाड्याने बिल वर धरलं. ते कुणीतरी हिसकावून टराटरा फाडलं. "बिलं छापून मिळतात, भडव्या!" वल्ह्याचा दांडा त्याच्या दुखऱ्या पाठीत बसला, तेव्हा त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटेना.

आणि पारखी? लिहायला लाज वाटते, पण हिशेब खरा मांडायचा तर हेही मांडलं पाहिजे. पहिल्या थपडेला त्याच्या मनात आलं, आता हा तिसातसुद्धा देईल!

मग भोंग्याने नावाड्याला उचलून कामाच्या टेबलाशी आणलं. त्याचा उजवा हात लोखंडी पत्र्यावर दाबून धरला. "कुठल्या हाताने पट्टी घासलीस? ह्या?"

"शेठ, सांगा ना! तुम्ही पाहिलंय! शेठ!"

सगळ्यांच्या माना पारख्याकडे वळल्या.  पारख्याने तोंड उघडलं. खरं बोलावं तर आपण खोटे पडतो. आणि ही पिसाळलेली माणसं मग कुणाकडे वळतील? "अरे… जाऊ द्या, सोडा त्याला," तो पुटपुटला. डासाने गुणगुणावं तसा.

भोंग्याने मोठा पाना उचलला आणि त्या हातावर हाणला. एकदा. दुसऱ्यांदा. हाडांचा आवाज आला.

तिसरा घाव पडला नाही. मागच्या खोलीतून पारख्याची बायको धावत आली आणि टेबलावर आडवी झाली. "भाऊजी, आता माझ्या पाठीत घाला! घाला की!" भोंग्याचा हात वर तसाच राहिला. वहिनीवर पाना कसा उगारणार? एकेक जण पाय मागे घेऊ लागला. मघाशी सगळ्यांना पुढे व्हायचं होतं, आता सगळ्यांना मागे जायचं होतं. नावाड्याला टेम्पोत घालून तीच दवाखान्यात घेऊन गेली.

परत आली ती बादली आणि फडकं घेऊन खाली बसली. फरशी पुसता पुसता तिने विचारलं, "अहो, टोपण उघडून पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं होतं."

"नंबर जुळत होता?"

पारखी पान्यांचा खोका आवरू लागला.

"मी काय विचारते?"

"जुळत होता! मग? मी मारलं का त्याला? मी बोटसुद्धा लावलं नाही. धंद्यात चार शब्द वरखाली होतात. ती माणसं अशी जनावरं निघतील, हे मला काय ठाऊक!"

बायकोने फडकं पिळलं. बादलीतलं पाणी लाल झालं होतं. "वा! दोरी ओढणाऱ्याने म्हणायचं, पंख्याने कापलं, मी तर फक्त दोरी ओढली! एवढी वर्षं मोटारी विकताय, एवढं तरी कळायला हवं होतं. हाताला पंखाच लागतो, पण तो फिरतो कुणामुळे?"

"अगं, पण…"

"मशीनची किंमत करता करता माणसाचीही केलीत तुम्ही. दहा हजार! आणि तो ओरडून तुमचंच नाव घेत होता. तुमचं एक वाक्य त्याला वाचवणार होतं. मारायला तोंड उघडलंत, वाचवायला दातखीळ बसली!"

पारखी रात्रभर कुशी बदलत राहिला. तिने त्याच्याकडे पाठ केली होती. ती पाठ त्या घरातली सर्वांत जड वस्तू होती.

सकाळी दुकान उघडतंय तोच भोंगा दहाबारा जणांना घेऊन हजर! चेहरे खुशीत. "पारखीशेठ, मानलं तुम्हाला! नुसत्या नजरेने चोर पकडलात. आम्ही ठरवलंय, यापुढे धक्क्यावरची एकूण एक मशीन तुमच्याकडेच येणार. दुरुस्ती, खरेदी, विक्री, सगळं!"

म्हणजे बघा, लबाडीला व्याजही लागलं होतं! नुसतं गप्प बसायचं होतं, आणि अख्खा धक्का खिशात.

पारख्याने बायकोकडे पाहिलं.  त्याने नावाड्याच्या मोटारीचं टोपण काढून बाजूला ठेवलं.

"भोंग्या, तुझ्या मशीनचा नंबर पाठ आहे ना?"

"झोपेतही सांगेन."

"मग हा वाच."

भोंगा वाकला. ओठ हलवत त्याने अंक वाचले. पुन्हा वाचले. "हा… हा माझा नाही."

"तुमच्यातल्या कुणाचाच नाही. त्या नावाड्याचाच आहे. बिलाशी जुळत होता. मी काल पाहिला होता. भाव पाडायला मी खोटं बोललो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं! भोंग्याने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं, फळीवरचे पंखे खणखणत खाली पडले. पोटात गुडघा, तोंडावर मूठ. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. "आम्हाला पापात घातलंस! तुझा हात मोडतो थांब! धरा रे ह्याला!" कालचेच हात, कालचाच जोर, फक्त माणूस बदलला होता. कुणीतरी तोच पाना भोंग्याच्या हातात दिला.

"थांबा."

दारात एक बाई उभी होती. नावाड्याची बायको. पोलीस चौकीतून मोटार न्यायला थेट इकडे आली होती. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. सगळं तिने ऐकलं होतं.

"ह्याचा हात मोडून माझ्या नवऱ्याचा जुळणार आहे का? जुळणार असेल तर मारा, मी धरते ह्याला." कुणी हललं नाही. "काल तुम्हाला कुणी सांगितलं चोर, तुम्ही मारलंत. आज सांगितलं लबाड, आज मारताय. उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवलं तर? तुम्हाला डोकी नाहीत का? नुसते हातच आहेत?" ती पारख्याकडे वळली. "मी तक्रार दिलीये. तिथे चला, आणि आत्ता बोललात तेच लिहून द्या. आणि पाना घेतलेले भाऊ, तुम्हीही चला. शिक्षा द्यायचं काम तुमचं नाही. ज्यांचं आहे त्यांना करू द्या."

भोंग्याच्या हातातून पाना खाली पडला. तो मटकन पायरीवर बसला, आणि ज्याचा आवाज नदी ओलांडून जाई, तो तोंडात टॉवेल कोंबून रडला. मग उठला आणि सगळ्यांच्या आधी चौकीकडे चालू लागला. पारखी तोंडातलं रक्त पुसत त्याच्या मागे निघाला. जबाबात दोषी म्हणून पहिलं नाव त्याने स्वतःचं सांगितलं.

वाचकहो, एखाद्याला "चोर" म्हणायला काही खर्च येत नाही, असं आपल्याला वाटतं. येतो! फक्त तो आपल्या खिशातून जात नाही, म्हणून आपण तो शब्द उधळतो. पुरावा असेल तर चौकी आहे, नसेल तर तोंड मिटावं. आणि दहा जण एकावर तुटून पडले असतील, तर अकरावा होण्याआधी एवढंच विचारावं: पाहिलंय कुणी?

आता कुणी काय भरलं ते सांगतो. पारख्याने मोटारीचे पंचेचाळीस हजार पुरे दिले, दवाखान्याचा निम्मा खर्च दिला, एक दात दिला. धक्क्यावरचं अर्धं गिऱ्हाईक गेलं. भोंग्याने आणि त्याच्या साथीदारांनी उरलेला खर्च वाटून घेतला, आणि कोर्टाच्या तारखा आल्या की ते अजून मजुरी बुडवून जातात. खऱ्या चोराने दमडीही भरली नाही. तो सापडलाच नाही. नावाड्याचा हात जुळला, पण मूठ वळत नाही. लहान मोटार घेतली आहे, ती त्याची बायको चालवते. तो पुढे बसतो आणि उतारूंचे सुटे पैसे डाव्या हाताने मोजून घेतो, सावकाश, कारण ते अजून त्याला नीट जमत नाही.