डॉक्टरांच्या मापाचं नसलेलं जाकीट

मी सायकलवर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट. बातमी आली तेव्हा मी एका मोटारीच्या डॅशबोर्डच्या खणात, पेपरमिंटच्या गोळ्या आणि एक जुनाट टॉर्च यांच्यामध्ये अंग चोरून बसलो होतो.

मोटार होती मास्तरांची. हे मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या पायाशी. त्या सकाळी मैदानात एका काकूंना गाडी मागे घ्यायला शिकवणं चाललं होतं. काकूंचा स्वभाव उत्साही. प्रत्येक सूचनेला ‘कळलं’ म्हणायचं आणि नेमकं उलट करायचं.

“काकू, मागे बघा.”

“बघतेय की.”

“आरशात नाही, मागे. आरशात तुम्ही स्वतःला बघताय.”

“केस विस्कटलेत हो सगळे.”

तेवढ्यात फोन वाजला. शिकवताना मास्तर फोन घेत नाहीत. पण फोन त्यांच्या बायकोचा होता आणि तिला हा नियम ठाऊक होता, म्हणून त्यांनी घेतला.

“अहो, ताईचा फोन आला होता. भाऊजी गेले.”

“कुठे गेले?” मास्तरांनी विचारलं.

गाडी जागेवर उभी होती, इंजिनही बंद पडलेलं होतं. तरी मास्तरांनी आपला ब्रेक करकचून दाबला आणि तसाच दाबून धरला.

काकू घाबरून म्हणाल्या, “मी काही नाही हो केलं!”

भाऊजी म्हणजे डॉक्टर. दातांचे. त्यांची बायको ताई आणि मास्तरांची बायको या सख्ख्या बहिणी, म्हणून हे दोघे साडू. साडूंचं नातं मोठं गमतीचं असतं. दोघांनी एकमेकांना निवडलेलं नसतं. पण सासरा एक, मेहुणे एक आणि तक्रारीही त्याच, त्यामुळे बोलायला विषय कमी पडत नाहीत. या दोघांना तर सायकलचंही वेड होतं. डॉक्टर शिडशिडीत, मास्तर गोलमटोल. सायकलीवरून शेजारी शेजारी जाताना दोघे दहा या आकड्यासारखे दिसायचे.

आणि मी डॉक्टरांचं जाकीट. निदान सगळे तसं म्हणायचे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरलं, तर त्यांना माझ्यातून भिंतीवरचं घड्याळ दिसलं. इतका मी पातळ. छातीकडचं कापड घट्ट विणीचं, वारा अडवणारं. पाठ जाळीची, घाम सोडणारी. बाह्या नाहीत. हा माझा अपुरेपणा नव्हे, हे माझं तत्त्व आहे. सायकलवाला चढ चढताना घामाघूम होतो आणि उतरताना गारठतो, आणि गारठते ती छाती. पूर्ण जाकीट घातलं तर चढावर शिजायची वेळ येते, काहीच नाही घातलं तर उतारावर काकडायची. हवा घटकेत ऊन, घटकेत वारा अशी असली की मधला मार्ग म्हणजे मी. काम संपलं की मी माझ्याच मागच्या खिशात घडी होऊन बसतो, मुठीएवढा. स्वतःच्या खिशात मावणं भल्याभल्यांना जमत नाही.

मला निवडायला डॉक्टर आले तो दिवस दुकानातली मुलगी जन्मात विसरणार नाही. गिऱ्हाईक रंग बघतात, आरशात वळून वळून बघतात. डॉक्टरांनी खिशातून बारीक टॉर्च काढला आणि आमच्या चेनींचे दात तपासायला घेतले. एकेक चेन उघडायची, आत डोकवायचं, बोटाने दात चाचपायचे आणि पुटपुटायचं, “हा हलतोय.” आमच्यातली कित्येक जाकिटं त्या टॉर्चसमोर नापास झाली. मग त्यांनी कॉलर उलटवून पाहिली, चेन गळ्याला चावू नये म्हणून वर कापडाची टोपी आहे ना याची खात्री केली, पाठीच्या जाळीवर तोंड ठेवून फुंकर मारली. समोरच्या कापडावरही मारली. सोबत आलेल्या ताई खुर्चीत बसून होत्या.

“जाकीट घेताय की दाढ काढताय?” त्या म्हणाल्या.

“वारा कुठून जातो ते बघायला नको?”

शेवटी मी पास झालो. मुलीने डॉक्टरांच्या अंगाकडे बघून माझा लहान भाऊ पुढे केला. डॉक्टरांनी मान हलवली आणि सगळ्यात मोठ्याला, म्हणजे मलाच, अंगात चढवलं.

मुलगी चाचरत म्हणाली, “सर, हे तुमच्या अंगात नाहीये. तुम्ही ह्याच्या अंगात आहात.”

“आतून स्वेटर घालीन.”

“स्वेटर माहीत आहे मला,” ताई म्हणाल्या. “चालता-बोलता आहे तो. ढेकरसुद्धा देतो.”

डॉक्टर हसले. मुलीला काही कळलं नाही, मला मात्र कळलं. मी मास्तरांसाठी घेतलेला होतो.

मग सरळ त्यांनाच का दिलं नाही? कारण मास्तरांना काही देणं म्हणजे आफत. फार मानी माणूस. डॉक्टरांनी एकदा त्यांना हातमोजे दिले, तर पुढच्या आठवड्यात मास्तर हवा भरायचा पंप घेऊन हजर. डॉक्टरांनी वाढदिवसाला सायकलचा दिवा दिला, तर मास्तरांनी त्यांना पुढचा आणि मागचा असे दोन दिवे आणले. हे प्रकरण वाढत वाढत सायकलच्या सीटपर्यंत गेलं, तेव्हा दोघी बहिणींनी मध्ये पडून युद्धबंदी जाहीर केली. मास्तरांची दाढ दुखली तरी ते घरच्या डॉक्टरांना सोडून पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जायचे. म्हणे साडूपुढे आ वासून बसायचं नाही.

आणि मास्तरांना जाकिटाची गरज तर होतीच. तोपर्यंत ते उतारावर शर्टाच्या आत वर्तमानपत्र कोंबायचे. जुन्या सायकलवाल्यांची ही युक्ती तशी चांगली, पण मास्तरांना घाम फार. घरी येईपर्यंत बातम्या बनियनवर उलट्या छापून निघायच्या. त्यांची बायको वैतागून म्हणायची, “तुमच्या पोटावरचा अग्रलेख काही केल्या निघत नाही.”

आमचा पहिला रविवार मला लख्ख आठवतो. गावाबाहेरच्या डोंगराला वळणावळणाचा चढ आहे. वर खिंडीत पोहोचलो तेव्हा ऊन गायब आणि वारा सुटलेला. मास्तर शर्टात वर्तमानपत्र सारत होते. डॉक्टरांनी मला खिशातून काढलं, झटकलं, अंगात घातल्यासारखं केलं आणि लगेच उतरवलं.

“छे, फार उकडतंय ह्यात. मास्तर, हे जरा तुमच्याकडे ठेवता?”

“मी कुठे ठेवू? माझ्या खिशात केळी आहेत.”

“मग घाला नुसतं. खाली गेल्यावर द्या.”

“बघा हं, तुम्ही म्हणताय म्हणून.”

मास्तरांनी मला घातलं. चेन पोटावरून अडखळत का होईना, गळ्यापर्यंत गेली. उतारावर वाऱ्याने माझ्यावर धडका मारल्या, पण मी एक झुळूकही आत सोडली नाही. मागून कटकट कटकट असा आवाज येत होता. मला वाटलं, डॉक्टरांच्या सायकलची साखळी ढिली झाली. तो आवाज डॉक्टरांच्या दातांचा होता. ज्या माणसाने अख्ख्या गावाचे दात सांभाळले, त्याचे स्वतःचे दात साडूपायी वाजत होते.

पुढे दर रविवारी हेच नाटक, त्याच जागी, त्याच संवादांसकट. फक्त मास्तरांच्या खिशातलं फळ बदलायचं. खाली आल्यावर मास्तर मला काढून खिशात परत कोंबायला बघायचे. ते त्यांना कधीच जमलं नाही. माझी एक बाजू आत जायची तर दुसरी बाहेर यायची.

“आणा इकडे,” डॉक्टर म्हणायचे.

“घ्या. तोंडात कापसाचे बोळे भरणारी माणसं तुम्ही, तुम्हालाच जमायचं.”

एका रविवारी खाली उतरल्यावर डॉक्टरांनी मला मागितलंच नाही. “असू दे,” म्हणाले, “पुढच्या रविवारी आणा.” थकले होते बहुतेक. घरी आल्यावर मास्तरांनी मला मोटारीच्या खणात टाकलं.

त्याच आठवड्यात तो फोन आला. दवाखान्यात एक पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसला होता. डॉक्टर त्याला “आलोच” म्हणून हात धुवायला आत गेले आणि बेसिनपाशीच कोसळले. पेशंट बराच वेळ तसाच बसून होता, म्हणे. मिटू का तोंड, हे विचारायचं कोणाला?

नंतरचे दिवस मी खणातूनच ऐकले. मग एका संध्याकाळी मास्तरांनी मला उचललं आणि ताईंच्या घरी नेलं. परत द्यायला. पण तिथे स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मास्तरांनी तो दुरुस्त केला, चहा घेतला आणि मला तसंच घेऊन परत आले. पुढच्या खेपेला खिडकीची कडी बसवली. त्याच्या पुढच्या खेपेला दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तर चालू असलेला पंखा खाली उतरवून पुसला. मी दर वेळी खिशात. परत द्यायची वस्तू खिशात असली की माणसाला त्या घरी जायला निमित्त असतं. देऊन टाकली की मग कशासाठी जायचं?

रविवारी मात्र फार वाईट व्हायचं. मास्तर पहाटे उठायचे, तयार व्हायचे, सायकल काढायचे. नाक्यावर, जिथे डॉक्टर वाट बघत उभे असायचे, तिथपर्यंत जायचे. थोडा वेळ एक पाय टेकून उभे राहायचे आणि घरी परत यायचे.

“आलात एवढ्यात?” बायको विचारायची.

“वारा फार आहे.”

बाहेर पान हलत नसायचं. ती चहा टाकायची. पण एकदा तिने आपल्या बहिणीला फोन करून सांगितलं, “ताई, ह्यांची सायकल सुटणार बघ. आणि सायकल सुटली तर हा माणूस नुसता बसून जाईल.”

पुढच्या वेळी मास्तर ताईंकडे गेले, तेव्हा ताईंनी त्यांना पान्हा हातात घेऊच दिला नाही.

“मास्तर, घरातलं सगळं नीट चाललंय. आता तुम्ही आणखी काही दुरुस्त केलंत तर बिघडेल. खिशात काय फुगलंय ते काढा.”

मास्तरांनी मला काढलं. चुरगळलेला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

“डॉक्टरांचं जाकीट. द्यायचं राहिलं होतं.”

“घाला बघू.”

“मी कशाला?”

“घाला म्हणते ना.”

मास्तरांनी मला घातलं. चेन गळ्यापर्यंत गेली. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“ह्यांना ते तंबूसारखं व्हायचं,” त्या म्हणाल्या. “दुकानातली मुलगीसुद्धा चाचरत तेच म्हणाली होती. तुमच्यासाठीच घेतलं होतं त्यांनी. तुम्ही घेतलं नसतंत म्हणून ते सोंग.”

मास्तर खाली मान घालून माझी चेन वरखाली करत बसले.

“माहीत आहे, ताई.”

“कधी कळलं?”

“पहिल्याच रविवारी. डॉक्टरांच्या मापाचं जाकीट ह्या पोटावर लागलं असतं होय? मी मूर्ख आहे, पण इतका नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर मला काहीतरी परत द्यावं लागलं असतं. मग त्यांनी आणखी काही दिलं असतं. मग तुम्ही दोघी मध्ये पडला असता.” मास्तरांनी माझी चेन पुन्हा वर ओढली. “आणि दर रविवारी तिथे वर उभं राहून ‘फार उकडतंय’ म्हणायचे ना, दात वाजत असताना... ते मला बंद करायचं नव्हतं.”

ताई हसायला लागल्या. मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मास्तर उठून पंख्याकडे बघायला लागले.

“पंख्याला हात लावायचा नाही,” ताई म्हणाल्या. “आणि जाकीट मला नको. माझ्या घरात ते कोणाच्याच मापाचं नाही.”

आता मी मास्तरांच्या दारामागच्या खुंटीवर असतो. घडी होत नाही, म्हणून टांगलेला. खुंटीवर बसून विचार करायला वेळ भरपूर मिळतो, म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. असं जाकीट घ्यायला जाल तर चेनीचे दात बघा. छातीचं कापड आणि पाठीची जाळी फुंकर मारून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या. खिशात मावतंय का ते दुकानातच घडी घालून बघा. आणि जाकीट ज्याच्यासाठी घेताय त्याचं माप घ्या, मग ते तुमच्या अंगात तंबू होवो नाहीतर गोधडी.

मास्तर दर रविवारी मला घालून नाक्यापर्यंत जातात. हल्ली नाक्यावरून लगेच वळत नाहीत. चढ सुरू होतो तिथल्या पुलापर्यंत येतात, डोंगराकडे बघतात, माझी चेन गळ्यापर्यंत ओढतात. खिंडीपर्यंत आम्ही अजून गेलेलो नाही.