झाडानं हाय खाल्ली

"तुझी आई गेली आणि झाडानं हाय खाल्ली," बाबा म्हणाले. गेल्या आठ महिन्यांत विसाव्यांदा तरी.

मागच्या दारी, नळाशेजारी अनंताचं झुडूप होतं. आईनं बोटभर फांदी लावून कमरेएवढं वाढवलेलं. आता त्याची पानं पिवळी पडली होती, कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या. मुलीनं एक पान तोडून उजेडात धरलं. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. दुःखानं पान असं पिवळं पडत नाही. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं पिशवीभर माती उचलली.

"न्या, डॉक्टरीणबाई, नाडी बघा त्याची," बाबा म्हणाले. "पण मी काही कमी करत नाही हं त्याचं. रोज संध्याकाळी पाणी. तुझी आईसुद्धा इतकं घालत नव्हती."

दुसऱ्या दिवशी तिनं माती वाळवली, चाळली, शुद्ध पाण्यात ढवळून मोजली. अनंताला आंबट माती लागते, सामूचा आकडा सहाच्या आसपास. इथं आला आठ पूर्णांक चार. तिनं यंत्र पुन्हा जुळवून दुसरा नमुना लावला. आठ पूर्णांक चार. चिमूटभर मातीवर आम्लाचा थेंब टाकला, तर माती फसफसली.

चुना.

बाबांची चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना चुना लावण्यात गेली होती. आई होती तोवर त्यांना कामाची बादली घेऊन मागच्या दारी यायची सोय नव्हती. "तो तुमचा लवाजमा पुढच्या गटारापाशी न्या आधी!" बाबांना वाटायचं, बायकोला पसारा खपत नाही. ती गेल्यापासून ते मागेच बसत. झाडाशी बोलत बोलत कुंचे धुवत, आणि धुवण वाया कशाला घालवायचं म्हणून झाडालाच ओतत.

बसमधून बाबांकडे परत येताना तिनं वाक्यं जुळवली आणि मोडली. नळाचं पाणी जड आहे, असं सांगता आलं असतं. ते अगदीच खोटंही नव्हतं. पण मग धुवण थांबलं नसतं. आणि आठ महिन्यांत ज्या एका कामात बाबांचा जीव रमला होता, त्यानंच झाड मरतंय, हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

"काय निघालं?" बाबांनी बादलीत कुंचा आपटत विचारलं.

ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. "चुना, बाबा. तुमच्या बादलीतला. मातीत लोह आहे, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. वाढलेल्या ताटासमोर हात बांधून बसवल्यासारखं झालंय."

बाबांनी कुंचा खाली ठेवला. हात विजारीला पुसले, कोरडे झाले तरी पुसत राहिले.

"म्हणजे हाय नाही खाल्ली त्यानं?"

"नाही."

"नुसता माझा गाढवपणा?"

तिनं बादली हळूच झाडापासून दूर सरकवली.

"अगं, मग बरंच की!" त्यांचा आवाज चिरकला. "हाय खाल्ल्यावर कुठलं आलंय औषध? गाढवपणावर असतं. बोल, काय करू?"

दोघांनी झुडूप खणून काढलं, मुळं हळूच धुतली, कुजलेल्या पाल्याच्या मातीत, नव्या पिंपात लावलं. छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी तेवढं घालायचं ठरलं. न जगलं तर हाताशी असाव्यात म्हणून तिनं दोन फांद्या काचेच्या पेल्यात ठेवल्या. ती आपल्या घरी गेल्यावर बाबा रोज फोन करून पानांचा रंग सांगत. रंगाऱ्याचाच डोळा तो, हिरव्याच्या सात छटा सांगायचे.

चौथ्या महिन्यात एक कळी टिकली आणि उमलली.

"देठाला धरा. पाकळीला बोट लागलं की तपकिरी डाग पडतो," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. चाळीस वर्षं ओरडा खाल्लाय."

खिडकीच्या काचेलगतची पट्टी रंगवताना रोखतात तसा श्वास रोखून त्यांनी फूल खुडलं आणि आईच्या शिवणयंत्रावर, पाण्याच्या वाटीत ठेवलं. खोलीभर वास पसरला. मग त्यांनी बादली उचलली, सवयीनं मागच्या दाराकडे वळले आणि थबकले.

"नेतोय, नेतोय पुढं," ते शिवणयंत्राकडे बघत म्हणाले.