वजावरची उभी रेघ

इनासच्या तोंडी परीक्षेला तिची आई दमिएत्ताहून दोन बसा बदलून आली, मांडीवर मिशब्बकचा, आमच्याकडच्या जिलबीचा, खोका सांभाळत. सोबत दोन मावश्या. आमच्याकडे रीतच आहे. पोरगी डॉक्टरेटला उभी राहते आणि मागं अख्खं घर लग्नाला आल्यासारखं नटून बसतं. मार्गदर्शक निकालाचा कागद घेऊन उठला, की बायका जीभ हलवून किलकारी घालतात. मग मिठाई.

मार्गदर्शक मी. डॉक्टर वगदी. वय एकोणसाठ, आणि अक्कल किती ते कळेलच.

अकरा वर्षांपूर्वी मी एक निबंध छापला होता. विश्व दिवसेंदिवस जास्त वेगानं फुगतंय, आणि बहुतेक जण म्हणतात ते एका अदृश्य ऊर्जेमुळं. ती ऊर्जा कुणी पाहिलेली नाही. मी म्हटलं, हवीय कशाला? गुरुत्वाकर्षणाचा नियमच जरासा बदला, समीकरणात एक पद वाढवा, विश्व आपसूक फुगतं. वाहवा झाली. त्या पदावर मी प्राध्यापकपद मिळवलं.

आमच्या धंद्यात दोन घराणी आहेत. एक काळापुढं अधिकचं चिन्ह लिहितं आणि अवकाशापुढं वजाचं, दुसरं नेमकं उलट. दोन्ही बरोबर, पण एका गणितात दोन्ही नांदवायची नसतात. मी अर्धं गणित गुरूंच्या वहीतून घेतलं होतं, अर्धं परदेशी पुस्तकातून. एक चिन्ह उलटलं. ते सुलट केलं, तर माझं विश्व वेग घेतच नाही. मंदावतं, आणि शेवटी स्वतःवरच कोसळतं.

हे मला त्याच पदावर प्रबंध लिहिणाऱ्या इनासनं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी, दारातच उभी राहून.

"डॉक्टर, रागावू नका, पण इथं वजा येतंय."

"तुझं येत असेल. माझं अधिक येतं."

"मी सात वेळा केलं हो."

"मग आठव्यांदा कर, बाई!"

ती गेल्यावर मी दार लावून स्वतः केलं. वजा आलं. पुन्हा केलं, वजाच. आणि मी काय करावं? तिच्या कच्च्या प्रतीतल्या वजावर लाल पेनानं एक उभी रेघ मारली. झालं अधिक. शेजारी लिहिलं, "छापलंय तसंच ठेव. शहाणपणा नको." खाली सही ठोकली. शेण खाल्लं मी, दुसरं काय म्हणू?

तर परीक्षा. इस्कंदरियाहून आलेले बाहेरचे परीक्षक, डॉक्टर सफवत, कपाळावर चष्मा चढवून पानं उलटत होते.

"पान एक्केचाळीसला काळ अधिक, त्रेचाळीसला काळ वजा. बेटा, दोन पानांत काळाचं मन फिरलं काय?"

सगळे हसले. सगळे हसले म्हणून आईही हसली.

"चिन्ह सुधारलं तर तुझं विश्व फुगत नाही. मग एवढ्या जाड प्रबंधात उरलं काय?"

इनासनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. तिच्यापुढच्या निळ्या फाइलमधून एका कागदाचा कोपरा बाहेर आला होता. त्यावरची लाल शाई मला खुर्चीवरून दिसली. तिनं कोपऱ्यावर तळहात ठेवला.

"माझी चूक, सर. माझ्याकडून दोन पद्धती मिसळल्या."

"अगं, हीच चूक तू पकडली असतीस, तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या! ती केल्याबद्दल डॉक्टरेट कशी देऊ?" ते माझ्याकडं वळले. "वगदी, तू वाचलं होतंस ना हे?"

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला लागलो. ते उघडंच होतं.

"वाचलं होतं," मी म्हणालो. "पोरगी कष्टाळू आहे हो. जरा घाई झाली तिची."

घाई झाली तिची! हे माझ्या तोंडून गेलं. मला तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण जमीन कशाला घेतेय? डॉक्टर सफवतांनी प्रबंध मिटला. इनासनं मागं वळून आईकडं पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. ते मात्र मला बघवलं नाही.

मी उठलो, तिच्यापाशी गेलो आणि तळहाताखालचा कागद ओढला.

"राहू द्या ना, डॉक्टर," ती कुजबुजली.

"हात काढ गं."

कागद डोळ्यांपुढं धरून मी वाचायला लागलो. "छापलंय तसंच ठेव..."

मार्गदर्शक कागद घेऊन उठला, एवढंच आईनं पाहिलं. ती ताडकन उभी राहिली आणि तिनं अशी किलकारी घातली की खिडक्यांच्या काचा वाजल्या. मावश्यांनी साथ दिली. खोक्याची दोरी सुटली.

"आई, थांब! आई, अगं!" इनास ओरडत होती.

"अल्ला तुमचं भलं करो, डॉक्टरसाहेब! बापाच्या मायेनं शिकवलंत पोरीला!"

मी कागद धरून उभाच राहिलो. बायका दमून थांबेपर्यंत मला थांबावं लागलं.

"बसा, बाई," मी म्हणालो. "हा निकाल नाही." मग तिला कळेल अशा शब्दांत मी सगळं सांगितलं, मोठ्यानं. "तुमच्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं. मी ते खोडलं. आणि खोडताना ते बरोबर आहे हे मला माहीत होतं."