खाटेखालच्या विटा

प्लगची पांढरी पट्टी, कडेनं जरा पिवळट झालेली, आणि तिच्या शेजारून वर चढत जाणारी मुंग्यांची रांग... प्रत्येकीच्या तोंडात एकेक अंडं. वुर्यानी ओलं फडकं हातात घेऊन बघत उभी होती. प्लग तिच्या छातीच्या उंचीवर होता. या घरातले सगळेच तसे होते. मुंग्या त्याच्याही वर, थेट छताकडे निघाल्या होत्या. आभाळ तर कोरडं ठणठणीत, ऑक्टोबरात बेकासीला असतं तसं पांढरं. मग यांना एवढी कसली घाई? तिनं फडकं फिरवलं. रांग तुटली, थोडी भांबावली, आणि दोन मिनिटांत वीतभर वरून पुन्हा जुळली.

पाहुणे दहाला येणार होते. घर विकायला काढल्यापासूनचं हे चौथं गिऱ्हाईक. नवरा, प्राप्तो, रविवारच्या पाळीला जाताना दारातच थांबला होता. "आईंच्या खाटेखालच्या विटा काढ. आल्या आल्या तेच दिसतं माणसाला."

"आणि आईनं विचारलं तर?"

"सांग काहीतरी. पावसाच्या आत सुटायचंय ना इथून? मग सांग काहीतरी."

सुटायचं होतंच. गेल्या जानेवारीतली ती सकाळ... प्राप्तो कारखान्यात अडकलेला, कालव्याचं पाणी दारातून नव्हे, मोरीच्या भोकातून वर आलं, आधी घोट्याशी, मग गुडघ्याशी, आणि पाय गेलेली आई खाटेवर जपमाळ ओढत बसलेली. आपण तिला काखेत हात घालून उचलायला गेलो, एकदा, दोनदा, तीनदा — आणि ती म्हणाली, "सोड न्दुक, पाठ जाईल तुझी." न्दुक म्हणजे पोरी, आईनं मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नाही. पाणी गादीच्या खाली दोन बोटांवर थांबलं. का थांबलं ते कुणालाच माहीत नाही. यंदाही तिथंच थांबेल असं पाण्यानं काही लिहून दिलेलं नाही.

म्हणून तिनं आईला अंघोळ घालून चाकांच्या खुर्चीत बसवलं, परसात उन्हाला, आणि तेवढ्यात खांद्यानं खाट उचलत एकेका पायाखालच्या तीन-तीन विटा काढल्या. बाराच्या बारा न्हाणीघरामागं रचून वर गोणपाट टाकलं, आणि आईला परत आणून खाटेवर निजवलं. भिंतीला महिन्यापूर्वी फिकट हिरवा रंग दिलेला होता. पाण्याची ती आडवी तपकिरी रेघ तरी त्यातून उमटू पाहत होती, म्हणून तिथं कपाट ढकललं. झाकली मूठ. बू मुर्नींचीसुद्धा अशीच...

बू मुर्नी म्हणजे समोरच्या घरातल्या मुर्नीबाई; इथं बाईमाणसाला बू म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हे घर बघायला आलो तेव्हा त्या फाटकाशी झाडत होत्या. प्राप्तो आत कागदपत्रं बघत होता, आणि मी सहज विचारावं तसं विचारलं होतं, "इथं पावसाळ्यात कसं असतं हो?" त्या म्हणाल्या होत्या, "अल्हम्दुलिल्लाह... अजून तरी ठीकच." देवाचे आभार मानले, एवढंच. दोन वर्षांत, पाणी घरात शिरल्यापासून तर रोजच, वुर्यानीनं त्या बाईला मनातल्या मनात जिवंत सोललं होतं. रस्त्यात भेटल्या की गोड हसायचं, बाजाराचं विचारायचं, आणि घरी येऊन भांडी आपटायची. एक शब्द, एकच शब्द सांगायला काय जात होतं तुमचं?

फाटक वाजलं. जोडपं कोवळं होतं. फाजार, चष्मेवाला, कागदांची पिशवी छातीशी धरलेला. आणि त्याची बायको एन्दाह, सहावा-सातवा महिना असावा, पोटावर हात ठेवून चालणारी. वुर्यानीनं गोड चहा केला, तळलेली केळी पुढं ठेवली. फाजार नको ते सगळं तपासत होता — कौलं मोजली, दारं उघडझाप केली, मोरीतला नळ पूर्ण सोडून बघितला.

"पाण्याचा दाब चांगला आहे, बू!"

"हो," वुर्यानी म्हणाली, "पाण्याला काही कमी नाही."

तो हसला. एन्दाह हसली नाही. ती भिंतीशी उभी होती, एक बोट प्लगवर ठेवून. प्लग तिच्या पोटाच्याही वर. "एवढ्या उंच का हो लावलेत?"

"लहान मुलांचे हात पोचत नाहीत. तुम्हाला बरंच आहे की."

किती सहज आलं. जणू वर्षभर तोंडात घोळवून ठेवलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज, खणखणीत. "न्दुक, अगं खिडकी वर कशी गेली? रंबुतानचं झाड दिसेना मला."

फाजार दारात गेला, आईकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि गोंधळून वळला. खिडकी होती तिथंच होती. झाड बू मुर्नींच्या अंगणात फळांनी लालभडक होऊन उभं होतं. कालपर्यंत आई पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत असायची, सकाळपासून तिच्या वाट्याला नुसतं आभाळ. वुर्यानी झटकन पुढं झाली.

"वय झालंय," ती म्हणाली. "हल्ली काहीबाही बोलत असते. मनावर घेऊ नका."

आईनं तिच्याकडे बघितलं. मग खाटेच्या कडेवरून एक हात हळूच खाली सोडला. बोटं फरशीला टेकली; इतक्या दिवसांत कधी टेकली नव्हती. हात तिनं परत वर घेतला आणि पांघरुणात ठेवला. "हो बाबा," ती फाजारला म्हणाली, "म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही आता." त्रेचाळीस नातवंडं-पतवंडांचे वाढदिवस तोंडपाठ असलेली माझी आई. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी मी हसले, पाहुण्यांसमोर हसतात तसं.

निघताना फाजार मोटरसायकल वळवायला पुढं गेला. एन्दाह फाटकाशी रेंगाळली. आवाज खाली घेऊन, सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "बू, पावसाळ्यात कसं असतं इथं?"

सांगून टाकावं... सांगितलं तर आई इथंच, पुढच्या जानेवारीतही इथंच. आणि नाही सांगितलं तर ही, ओली बाळंतीण, तान्हं घेऊन त्याच खोलीत.

"अल्हम्दुलिल्लाह..." वुर्यानी म्हणाली, आणि थांबली. जितकं थांबता येईल तितकं थांबली. रस्त्यावरून ब्रेडवाल्याची गाडी आपलं गाणं वाजवत गेली, कोपऱ्यावर वळली, गाणं विरलं. जे सांगता येत नव्हतं ते सगळं तिनं त्या थांबण्यात घातलं. "...अजून तरी ठीकच."

एन्दाहनं तिच्याकडे बघितलं. नंतर भरून आलेल्या कालव्यासारखी शांत मान हलवली, वाकून नमस्कार केला आणि गेली. रात्रीपर्यंत फोन करतो, असं फाजार ओरडून म्हणाला.

वुर्यानी न्हाणीघरामागून विटा घेऊन आली. खाटेशी गुडघे टेकून बसली, खांदा लावला, पहिली सरकवली.

"तिला कळलं?" आईनं विचारलं. खिडकी उघडीच होती.

"काय कळलं?"

"तू थांबलीस ते."

"...कळलं असेल. मान हलवली तिनं."

मीही हलवली होती. दुसरी वीट हातात तशीच राहिली. बू मुर्नींचा झाडू थांबला होता त्या दिवशी, चांगला थांबला होता, पाचोळ्याचा ढीग वाऱ्यानं विस्कटला तरी तो हलला नव्हता. आणि मी, याच मुलखातली बाई, असलं थांबणं ऐकतच लहानाची मोठी झालेली... मला कळलं होतं. तिथंच, तेव्हाच. पण एवढ्या किमतीत दुसरीकडं खोलीही मिळत नव्हती, आईला जिने चढवत नव्हते, गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं आहे, अक्कल असते, ती मान हलवते आणि सही करते. त्या बाईनं जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगितलं होतं. दोन वर्षं मी चुकीच्या माणसावर भांडी आपटली.

"रागावलीस?" वुर्यानीनं विचारलं.

आई खिडकीकडे बघत होती. झाडाचा शेंडा तेवढा आता दिसायला लागला असावा. "या वर्षी चार-चार लाव," ती म्हणाली.

वुर्यानी आणखी विटा शोधायला उठली. जाता जाता तिनं फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला, आणि तो वाजावा, त्या मुलीनं हो म्हणावं, एवढंच तिला मनापासून वाटत राहिलं.