संयुक्त शाळेतला कीर्तनाचा तास

तीन मिशनांनी मिळून एकच पाळकशाळा चालवायची, असं १९४४ साली ठरलं. तिघांचा ख्रिस्त एकच होता. भांडण होतं ते बाप्तिस्म्याच्या पाण्याचं, प्रार्थनेच्या पुस्तकाचं आणि प्रिन्सिपॉलच्या बंगल्याचं. बंगल्याचं कसंबसं मिटलं. मग कमिटीपुढे अभ्यासक्रम निघाला.

अब्राहाम मास्तर उजागरे नगरात बावीस वर्षं होतकरू पाळकांना कीर्तन शिकवत होते. सोनई-शेवगावकडचे लोक प्रवचनातून उठून जातात, कीर्तनाला बसतात, एवढंच त्यांचं धर्मशास्त्र. कमिटीतल्या रेव्हरंड दानीएल शिनगाऱ्यांना मात्र वेदीपाशी टाळ दिसला की पोटात दुखायचं. कीर्तन काढून त्या तासाला बायबलचं मूळ ग्रीक ठेवावं, हा ठराव त्यांचाच.

"खेड्यात ग्रीक कोणाला कळतं, रेव्हरंड?" मास्तरांनी सभेत विचारलं.

"आणि उपासनेत उड्या कोण मारतं, मास्तर?"

अध्यक्षांनी घाईघाईने प्रार्थना सुचवली. सगळ्यांनी डोळे मिटले. कमिटीत बोलणाऱ्याला अडवता येतं, प्रार्थना करणाऱ्याला नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मास्तर आधी सरसावले. "हे दयाळू बापा, आमच्यात काहींना आपल्या आईच्या भाषेची लाज वाटते. त्यांच्या प्रवचनात परवाच्या रविवारी मिरजगावची मंडळी घोरत होती. त्यांना क्षमा कर. नावं तुला माहीत आहेत."

त्यांनी श्वास घ्यायला आणि शिनगाऱ्यांनी सुरू करायला एकच गाठ पडली.

"प्रभू, तुझा हा दास थकलाय. पद म्हणताना खोकतो, आणि पोरं खोकल्यासकट पाठ करतात. त्याचा अहंकार काढून टाक. तो तास त्याने आपणहून, आनंदाने सोडला, याबद्दल तुझे आभार. येशूच्या नावाने मागतो."

"आमेन!"

सगळ्यांत खणखणीत आमेन मास्तरांचा होता. 'येशूच्या नावाने' कानावर पडलं की त्यांचं तोंड जन्मभराच्या सवयीने उघडायचं, तसं उघडलं. डोळे उघडेपर्यंत सेक्रेटरींनी 'एकमताने मंजूर' लिहूनही टाकलं होतं.

"अहो, मी आमेन प्रार्थनेला म्हटलं! ठरावाला नाही!"

"म्हणजे ओठांवर एक आणि मनात एक, असं इतिवृत्तात लिहायचं का?" शिनगाऱ्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं.

मास्तर उभे होते, ते खाली बसले. सभा संपल्यावर प्रथेप्रमाणे त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. शिनगाऱ्यांशी दोनदा. दुसऱ्यांदा जरा दाबून.