चार आखूड भोंगे

मी लाकडाच्या गिरणीच्या छपरावरचा जुना पितळी भोंगा. गिरणी बंद, गाव ओस, आणि माझ्या तोंडात चिमण्यांचं घरटं. वाईट वाटतं का, असं विचाराल, तर खरं सांगतो मित्रांनो, काही वाटत नाही.

रेल्वेच्या कारखान्यात माझं ओतकाम झालं. ज्या गाडीने मला इथं आणलं, तीच परत जाताना ओंडके घेऊन गेली. आधी रूळ आले, मग गिरणी, मग माणसं. गाव माझ्या आवाजावर उठायचं, माझ्या आवाजावर जेवायचं. एक घड्याळजी दुकान थाटायला आला होता. आठ दिवसांत गाशा गुंडाळून गेला. लांब एक भोंगा म्हणजे पाळी सुरू, लांब दोन म्हणजे सुट्टी. आणि चार आखूड म्हणजे अपघात. ते वाजले की बायका चुलीवरचं तसंच टाकून गिरणीच्या फाटकाकडे धावायच्या.

माझी साखळी बॉयलरवाल्या काकांच्या हातात असे. त्यांचा मुलगा करवतीवर कामाला होता. एका सकाळी त्याच्यासाठीच काकांना ती चार वेळा ओढावी लागली. मी वाजलो. माझं कामच ते. त्यानंतर काकूंनी घराबाहेर पडणं सोडलं; ना बाजार, ना शेजार. मात्र चार आखूड वाजले की, अपघात कुणाचाही असो, काकू सगळ्यांच्या आधी फाटकापाशी.

पुढे आसपासचं जंगल संपलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आमच्या कुऱ्हाडी गावालाही काळ ठरल्या. शेवटची गाडी ठरली. तिच्यामागून रूळ उखडणार होते. दुकान बंद, पाण्याचा पंप बंद. सगळ्यांनी गाठोडी बांधली. काकूंनी आतून कडी लावली.

"पोरगा इथं गेला. मी कुठं येऊ?"

काकांनी हात जोडले, शेजारणींनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

गाडी सुटायला दहा मिनिटं उरली. निरोपाचा एक लांब भोंगा द्यायचा म्हणून बॉयलरमध्ये वाफ राखून ठेवली होती. काकांनी साखळी धरली आणि चार वेळा आखूड ओढली.

फलाटावरच्या बायका गाठोडी टाकून फाटकाकडे धावल्या. त्यांचे नवरे शेजारीच उभे होते, तरी धावल्या! आणि वरच्या गल्लीतून काकू आल्या, अनवाणी.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं," साखळी सोडून आलेले काका म्हणाले. "चल, गाडी सुटतेय."

काकू थांबल्या. "त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

एवढंच. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. गाडीत जाऊन बसल्या. काका शेजारी बसायला गेले, तर त्यांनी मधे गाठोडं ठेवलं.

नंतर भंगारवाल्यांनी बॉयलर नेला, करवती नेल्या. माझ्यापर्यंत त्यांची शिडी पुरली नाही.

मित्रांनो, माझं पितळ घासा, असं मी म्हणत नाही. पण जी ऐकून कुणी हातातलं टाकून धावत येतं, अशी एखादी हाक तुमच्याकडेही असेल. तिला जपा. तिच्या तोंडून खोटं वदवू नका, भल्यासाठीसुद्धा नाही. काकूंचा जीव वाचला, हे मला कळतं. पण पुन्हा कुणाच्याही हाकेला त्या धावल्या असतील, असं मला वाटत नाही.